परतीची घाई करू नये
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण २-३ दिवसांत घरी जातो, असे या शस्त्रक्रियेवरील एका लेखात म्हटले आहे आणि ते बरोबर आहे. तरी गडचिरोली जिल्ह्यातील दूरच्या अहेरी-सिरोंच्याकडून नागपूरला आलेल्यांनी सुटी मिळताच परतीची एसटी धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जठराच्या शिवणीतून गळती झाल्यास ताप, जलद नाडी व वाढती पोटदुखी ही लक्षणे नंतरही उद्भवू शकतात, आणि त्यावर तालुक्याच्या दवाखान्यात उपचार होणे कठीण असते. म्हणून पहिल्या फेरतपासणीपर्यंत रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावे. फार वेळ बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, त्यामुळे परतताना शक्यतो खासगी गाडी करून दर तासाला उतरावे, थोडे चालावे व घोटघोट पाणी प्यावे. बी-१२ जीवनसत्त्वासह पूरक औषधे पुढे आयुष्यभर लागतात. ती गावाजवळ कोठे मिळतील, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.