बगरामचे ७४७ : ना क्षेपणास्त्र, ना डोंगर, ना पायलट

२९ एप्रिल २०१३ ची ती चित्रफीत अजून फिरते आहे. अफगाणिस्तानातल्या, हिंदुकुशच्या वेढ्यातल्या बगराम लष्करी तळावरून उठलेले नॅशनल एअरलाइन्सचे मालवाहू बोइंग ७४७-४०० नाक वर करून हवेत जवळजवळ थबकते, कलंडते आणि खाली येते. आतले सातही कर्मचारी ठार झाले. सोबतचा मजकूर साधारण असा : ‘तालिबानने पाडले. नाहीतर समोर डोंगर असल्यामुळे पायलटने विमान फार उभे चढवले. मग आत भरलेल्या गाड्या मागे सरकल्या आणि तोल गेला. शिवाय गाड्या बांधलेला पट्टा तुटलेला दिसूनही उड्डाण केले, म्हणजे दोष पायलटचाच.’

तालिबानने त्याच दिवशी श्रेय घेतले, हे खरे. पण अमेरिकेच्या एनटीएसबीला, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेला, तपासात स्फोटाची वा हल्ल्याची एकही खूण सापडली नाही. असले श्रेय घ्यायला पैसे पडत नाहीत.

डोंगराचे तर काही कामच नाही. विमान धावपट्टीच्या टोकापलीकडेच पडले, डोंगरापर्यंत गेलेच नाही.

गाड्यांच्या वाक्यात मात्र अर्धे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते जास्त फसवे. विमानात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या : दोन १२ टनी, तीन १८ टनी. क्रम उलटा होता. विमान उभे चढले म्हणून गाडी सरकली नाही. गाडी सरकली म्हणून विमान उभे चढले. नुसते वजन मागे गेल्याने ७४७ अनावर झाले नसते. सर्वांत मागची गाडी केबिनची मागची भिंत फोडून शेपटीत घुसली. चारपैकी दोन हायड्रॉलिक (द्रवदाबावर चालणाऱ्या) प्रणाली निकामी झाल्या आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा लांब स्क्रू (जॅकस्क्रू) मोडला. त्या पंखावरचा ताबा गेला, की नाक खाली आणायला पायलटच्या हातात पुरेसे काही उरत नाही. धावपट्टीवर विमानाच्या पत्र्याचे आणि हायड्रॉलिक नळ्यांचे तुकडे सापडले. विमान जमीन सोडत असतानाच शेपटीकडचे दोन्ही रेकॉर्डर (ब्लॅक बॉक्स) बंद पडले होते. म्हणजे चित्रफितीत जे दिसते, त्याच्या आधीच सगळे घडून गेलेले होते.

आता पायलट. माल कॅम्प बॅस्टियन या अफगाणिस्तानातल्याच दुसऱ्या तळावर चढला. बगरामला फक्त इंधनासाठी थांबा होता. तिथे तुटलेल्या पट्ट्याची, भार हलल्याची चर्चा कॉकपिटमध्ये झाली, पट्टे पुन्हा आवळले गेले. उड्डाण रोखायला हवे होते, हे आज म्हणणे सोपे आहे. पण पट्टे बांधले होते कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, आणि चूक त्या मॅन्युअलमध्येच होती. गाड्यांखालचे पॅलेट (माल ठेवायचे सपाट तळ) विमानाच्या फरशीतल्या कुलपांत अडकलेले नव्हते, सगळा भार पट्ट्यांवरच होता. पट्टा जितका उभा, तितका तो मालाला मागे-पुढे सरकण्यापासून कमी रोखतो. कंपनीच्या हिशेबात हा कोन धरलेलाच नव्हता. बोइंगच्या आणि माल पकडणारी यंत्रणा बनवणाऱ्या टेलएअरच्या सुरक्षेसंबंधीच्या आवश्यक सूचनाही त्यात गाळलेल्या होत्या. त्या मॅन्युअलप्रमाणे नेमाने काम करणाऱ्या माणसालाही हा भार सुरक्षित बांधता आला नसता.

आणि त्यावर लक्ष ठेवायचे ते एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने. त्या देखरेखीतल्या उणिवेवरही एनटीएसबीच्या २०१५ च्या अहवालात बोट ठेवले आहे. पायलटला परवाना लागतो, मेकॅनिकला लागतो. १८ टनी गाडी विमानात बांधणाऱ्या लोडमास्टरला तेव्हा तसा परवाना लागत नव्हता. तो असावा, अशी शिफारस एनटीएसबीने केली ती या अपघातानंतर.