ग्राफिक्स कार्ड गेलंय, विंडोज नाही!

तिसरी वेळ ही. पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन, व्हिडिओ रेंडर लावला की पाच मिनिटांत सगळं काळं, आत पंखे मात्र भणाणतायत. आणि दुकानात नेलं की एकच पालुपद, "फॉरमॅट मारून बघू." अहो, बघू काय! पीसी चालू करताना बायोसच्या, म्हणजे अगदी पहिल्या, स्क्रीनवरच रेघा दिसतायत. तेव्हा विंडोज सुरूही झालेलं नसतं, मग ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संबंध येतोच कुठे? प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ना, मग कार्ड काढा, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि बघा. दोन मिनिटांचं काम. शेवटी मीच घरी केलं, चित्र लख्ख आलं!

गेल्या खेपेला तर कार्ड हीट गनने शेकून 'दुरुस्त झालं' म्हणून हातात दिलं, पैसे रोख घेतले. असं शेकून चिप बरी होत नाही, थोडे दिवस तग धरते इतकंच. सतरा दिवसांत पुन्हा तेच चौकोन. आणि त्या विनाकारण मारलेल्या फॉरमॅटपायी बहिणीच्या लग्नाचं अर्धं एडिटिंग गेलं, ते कोण भरून देणार? निदान बॅकअप घेतलाय का, एवढं तरी आधी विचारा!