केम्प यांना डेमोक्रॅट्सनी निवडून दिलं म्हणे!

परवा रात्री घरच्या ग्रुपवर धाकट्या दिरांचा एक फॉरवर्ड आला. खाली त्यांची स्वतःची ओळ होती: "वहिनी, वाचा. मी काही मे महिन्यात मत द्यायला जात नाही." भाऊजींना नागरिकत्व मिळून अजून वर्ष व्हायचंय. इथलं पहिलंवहिलं मत, आणि ते एका निनावी मजकुरापायी वाया घालवायला निघालेत. हाच मजकूर इथल्या, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कमिंग गावच्या दोन मैत्रिणींनीही मला पाठवला होता. ब्रॅड राफेन्सपर्गर यांनी 2025 च्या सप्टेंबरात जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली, तेव्हापासून तो माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतोय. म्हणून एकदाच नीट लिहिते. मी रिपब्लिकन पक्षाला मत देते आणि पुढेही देणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

फॉरवर्ड म्हणतो: 2022 च्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, लाखो डेमोक्रॅट्स बेकायदा घुसले आणि त्यांनी तेव्हाचे गव्हर्नर ब्रायन केम्प व राज्याच्या निवडणुका सांभाळणारे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट राफेन्सपर्गर यांना तारलं. केम्प कॉन्झर्व्हेटिव्ह नाहीतच. प्रायमरी सगळ्यांना खुली आहे तोवर खऱ्या रिपब्लिकन माणसाने घरी बसावं.

"बेकायदा" हा शब्द आधी काढून टाका. जॉर्जियात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावाच लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी तुम्ही कुठल्या पक्षाचं बॅलट हवं ते सांगता आणि ते मिळतं. बंधन एवढंच, की एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं तर त्या वेळच्या रनऑफमध्ये, म्हणजे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर होणाऱ्या दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या पक्षाचं बॅलट घेता येत नाही.

आता "लाखो". 2022 ची प्रायमरी झाल्यावर असोसिएटेड प्रेसने आगाऊ मतदानाच्या नोंदी तपासल्या. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेले आणि 2022 मध्ये रिपब्लिकन बॅलट घेतलेले लोक निघाले 37 हजारांहून थोडे जास्त. ट्रम्प यांच्या पाठिंब्यावर केम्प यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डेव्हिड पर्ड्यू यांना 2 लाख 62 हजारांच्या आसपास मतं होती, केम्प यांना 8 लाख 88 हजार. सव्वासहा लाखांचा फरक! आगाऊ मतदानाचाच हिशोब आहे म्हणता? मग 37 हजारांचे दहापट करा आणि सगळे केम्प यांच्या खात्यातून वजा करा. तरीही केम्प अडीच लाखांनी पुढे राहतात. स्वतः पर्ड्यू यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला होता. त्याच बॅलटवर ट्रम्प यांचाच पाठिंबा असलेले हर्शेल वॉकर सिनेटच्या उमेदवारीसाठी सुमारे 68 टक्के मतं घेऊन जिंकले, बर्ट जोन्स उपगव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी निम्म्याच्या किंचित वर जाऊन जिंकले. डेमोक्रॅट्सच्या हातात सगळी सूत्रं होती, तर त्यांनी या दोघांना का जाऊ दिलं?

राफेन्सपर्गर यांच्या बाबतीत मात्र फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. रनऑफ टाळायला 50 टक्क्यांच्या वर जावं लागतं, आणि ते त्या रेषेच्या वर होते जेमतेम 27 हजार मतांनी. क्रॉसओव्हर मतं, म्हणजे डेमोक्रॅट्सकडून इकडे आलेली ती 37 हजार, त्याहून जास्त. म्हणजे या मतांमुळे त्यांचा रनऑफ टळला असणं शक्य आहे. पण त्यांचे प्रतिस्पर्धी जोडी हाइस 33 टक्क्यांवर अडकले होते. रनऑफ झाला असता तर तेच जिंकले असते, हे कशावरून?

केम्प कॉन्झर्व्हेटिव्ह नाहीत, यावर फार वेळ घालवत नाही. 2019 चा गर्भपाताचा कायदा, 2022 चा विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा कायदा, 2021 चा मतदानाचा कायदा, या तिन्हींवर सही त्यांचीच आहे. शेवटच्या कायद्यापायी बेसबॉलचा ऑल-स्टार सामना अटलांटाहून डेन्व्हरला गेला, तरी ते मागे हटले नाहीत.

खरा संताप मला शेवटच्या मुद्द्याचा येतो. घरी बसा! हा सल्ला जॉर्जियाने एकदा ऐकलाय. 2020 च्या नोव्हेंबरात सिनेटच्या निवडणुकीत हेच पर्ड्यू जॉन ऑसॉफ यांच्यापुढे 88 हजार मतांनी होते, फक्त 50 टक्क्यांना थोडे कमी पडले. 2 डिसेंबरला आमच्या शेजारच्या अल्फरेटात, ट्रम्प यांचा पराभव न मानणाऱ्यांची सभा झाली. लिन वूड या वकिलांनी व्यासपीठावरून लोकांना सांगितलं, निवडणूक दुरुस्त होईपर्यंत मत देऊ नका. 5 जानेवारी 2021 ला रनऑफ झाला आणि पर्ड्यू 55 हजारांच्या आसपास मतांनी हरले. अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशनने मोजलं तेव्हा नोव्हेंबरात मत दिलेले साडेसात लाखांहून जास्त लोक जानेवारीत फिरकले नव्हते, आणि त्यांत रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या ग्रामीण भागातले पुष्कळ होते. रनऑफला असलेल्या जॉर्जियाच्या सिनेटच्या दोन्ही जागा गेल्या, त्यांच्याबरोबर सिनेटमधलं बहुमतही गेलं. त्या सभेला गेलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांतल्या एका काकांनी खरंच मत दिलं नाही आणि आजही ते त्याबद्दल बोलायचं टाळतात.

भाऊजी, तुम्ही वाढलात तिथे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. कार्यकर्ता वर्षानुवर्षं सतरंज्या उचलतो आणि ऐनवेळी तिकीट भलत्यालाच जातं. इथे तिकीट मतदार देतो, मे महिन्यात. आपल्या फोर्सिथ काउंटीत बहुतेक जागांवर नोव्हेंबरात चुरसच नसते. रिपब्लिकन प्रायमरी जिंकला तो आमदार झाला म्हणूनच समजा. प्रायमरी फक्त नोंदणीकृत पक्ष मतदारांपुरती असावी असं मलाही वाटतं. पण तो कायदा राज्याच्या विधिमंडळात होणार, आणि विधिमंडळात कोण बसणार ते याच प्रायमरीत ठरणार. तुम्ही घरी बसलात तर ते ठरवायला तेच 37 हजार जातील, ज्यांच्यावर तुमचा राग आहे.

राफेन्सपर्गर नको असतील तर बॅलटवर बर्ट जोन्स आहेत, ख्रिस कार आहेत. प्रायमरी मंगळवारी, 19 मे 2026 ला आहे, आणि आगाऊ मतदान त्याआधी तीन आठवडे चालतं. ऑफिसचं कारण सांगू नका, मी शनिवारी गाडी घेऊन येते. ओळखपत्र तेवढं बरोबर ठेवा, आणि टेबलावर विचारलं की सांगा, रिपब्लिकन बॅलट.