रक्त आमचं, लोणी तिचं

मिरग निघाला की खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाताच्या कामांना जोर येतो आणि आमच्या घरात टाळ्यांना. साडेअकराला दिवा घालवला की पहिली टाळी. पावणेबाराला दुसरी, स्वतःच्याच कानशिलावर. साडेबारापर्यंत शेजारच्या काकांची खिडकीतून हाक ठरलेली: "काय गा, एकादशी काय आज? रात्रभर भजन करूलालास?"

रात्री कानाशी गुणगुणते ती क्युलेक्स, गटारातली डासांची जात. दुपारी टेबलाखाली पायाचा घोटा शोधते ती एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेली, आपल्याच पाण्याच्या ब्यारलात वाढलेली. कन्नडवाले शेजारी दोघींनाही सोळ्ळे म्हणतात, आम्ही डास म्हणतो. भाषेवरून आमच्याकडे कितीही वाद झाले तरी डासांनी त्यात कधी भाग घेतलेला नाही. सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं रक्त त्या समभावानं पितात.

'पितात' म्हणताना मात्र एक दुरुस्ती हवी. डास नर असेल तर तो आयुष्यभर फुलातल्या रसावर राहतो. चावते ती मादी, आणि तीसुद्धा मुख्यतः अंड्यांसाठी. खरी गंमत तिच्या खरेदीत आहे. शंभर मिलिलिटर रक्तात प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास, त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिन. स्निग्ध पदार्थ धड एक ग्रॅमसुद्धा नाहीत. उलट तिच्या अंड्याच्या सुक्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतो. म्हणजे बाई डाळीच्या दुकानात शिरतात, तुपाचा डबा भरायचाय म्हणून.

खरेदीचं प्रमाणही बघा. एडिसचं वजन दोनेक मिलिग्रॅम आणि एका बैठकीत ती पिते दोन ते तीन मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसानं तीन-चार मिनिटांत साठ किलो कुंदा संपवावा आणि वर भिंतीवर जाऊन बसावं, तसा प्रकार. त्यामुळे "डासांनी रक्त संपवलं" ही आमची तक्रार हिशेबात टिकत नाही. एक चहाचा चमचा रक्त जायला दोन हजार चावे लागतील. छळ रक्ताचा नाहीच, खाजेचा आहे. आणि खाज येते तिनं सोडलेल्या लाळेतल्या प्रथिनांमुळे. आपण अर्धा मिलिग्रॅम प्रथिन देतो, ती बदल्यात चिमूटभर परत देते. व्यवहार झाला.

जेवणानंतर पहिलं काम पाणी काढून टाकण्याचं. एवढं ओझं घेऊन उडणं अवघड, म्हणून रक्तातलं पाणी आणि मीठ ती लगेच लघवीवाटे बाहेर टाकू लागते. पुष्कळदा आपल्याच अंगावर बसल्या बसल्या. (हे वाचून रात्री झोप येणार नसेल तर इलाज नाही, आमचीही गेलीय.) उरलेल्या गोळ्याभोवती आतड्यात एक पातळ पिशवी विणली जाते आणि तिच्यात ट्रिप्सिनसारखी पाचक प्रथिनं सुटतात, तीही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता तासाभरात, चव बघण्यापुरता. खरा दमदार हप्ता आठ-दहा तासांनी सुरू होतो आणि चोवीस तासांच्या सुमारास भरात येतो. यात दोन गोष्टी अंगाशी येऊ शकतात. हिमोग्लोबिन फुटलं की त्यातला लोहवाला हीम मोकळा सुटतो, तो विषारी. तो बराचसा त्या पिशवीलाच चिकटून राहतो. आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी, जाळली की अमोनिया निघतो. तो प्रोलीन, ग्लुटामिन, युरिक आम्ल अशा निरुपद्रवी रूपात बांधून ठेवावा नाहीतर बाहेर काढावा लागतो. प्रथिनांचं जेवण पचवणं म्हणजे लग्नाचं जेवण उठवणं, पंगतीपेक्षा भांडी जास्त.

आता मुख्य कारखाना. पोटात सगळीकडे पसरलेला एक मऊ पिवळट थर असतो, त्याला मेदकाय म्हणतात. नाव मेदाचं, पण काम आपलं यकृत आणि चरबी मिळून करतात ते सगळं. अमिनो आम्लं रक्तरसातून इथं पोचली की टॉर नावाचं प्रथिन, म्हणजे इथला मुनीम, 'माल आला' म्हणून खूण करतं. तिकडे अंडाशयातून एकडायसोन संप्रेरकाची वर्दी येते. दोन्ही सह्या झाल्याशिवाय भट्टी पेटत नाही. पेटली की व्हायटेलोजेनिन हे बलकाचं भलंमोठं प्रथिन धडाधड बनू लागतं. ते स्वतःसोबत थोडं तेलही नेतं, पण तेलाची खरी वाहतूक त्याच्या जिवावर नाही.

ती करतं लायपोफोरिन, आणि या साऱ्या मंडळींत आमचा जीव जडलाय तो त्याच्यावर. तेल पाण्यात विरघळत नाही आणि कीटकाचा रक्तरस तर पाणीदारच. म्हणून प्रथिनाच्या वेष्टनात तेल भरून न्यावं लागतं. साठ्यातल्या तेलाच्या रेणूला तीन शेपट्या असतात. वाहतुकीला निघताना एक काढून दोन शेपट्यांचं रूप द्यायचं, लायपोफोरिनमध्ये भरायचं, अंडाशयाच्या दारात उतरवायचं. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल वाहणारा कण बऱ्याचदा पेशीच्या आत ओढून मोडला जातो. लायपोफोरिनचा रिवाज वेगळा. बहुतेक वेळा माल उतरवायचा आणि रिकामा टेम्पो परत भरायला गोदामावर. खडेबाजारातला जुना हमाल असाच, पाठ तीच, पोती बदलतात. कोलेस्टेरॉलही याच वाटेनं जातं. कीटकांना ते स्वतःला बनवता येत नाही, आयतं लागतं, आणि आम्ही ते पुरवतो. डॉक्टर आमचं कोलेस्टेरॉल जास्त म्हणतात तेव्हा निदान एका घटकाला आनंद होत असेल.

मग हे तेल आलं कुठून? प्रथिनातलं नायट्रोजन काढून टाकलं की उरलेल्या कार्बनच्या सांगाड्यातून चरबी बनवता येते, तेवढी ती बनवते. पण मोठा वाटा आधी प्यायलेल्या फुलांच्या रसाचा आणि अळीपणी ब्यारलात साठवलेल्या चरबीचा. इथंच आपल्या त्रासाचं एक कारण दडलंय. गर्दीच्या ब्यारलात, उपाशीपोटी वाढलेली मादी बारकी निघते, गोदाम रिकामं. तिचं पहिलं रक्त अंड्यांना न जाता स्वतःचा साठा भरण्यातच जाऊ शकतं, मग अंड्यांसाठी दुसरा चावा. बारकी दिसते म्हणून दुर्लक्ष करू नये, तिलाच जास्त फेऱ्या मारायच्या असतात.

अपमानाची गोष्ट पुढेच आहे. माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनमध्ये अंड्यांना लागणारं आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल मुळीच नसतं. त्यामुळे आपल्या रक्तावर एडिसला उंदराच्या रक्तापेक्षा कमी अंडी घालता येतात. तरी ती गोठ्यातली म्हैस सोडून आपल्याकडेच येते. हलका माल असूनही गिऱ्हाईक तुटत नाही, हे भाग्य बाजारात फार थोड्यांना लाभतं.

प्रयोगशाळेत यातला एकेक कामगार सुट्टीवर पाठवून पाहतात. काचेच्या केसासारख्या सुईनं डासाच्या छातीत आरएनएचं इंजेक्शन दिलं की नेमकं एक प्रथिन बनायचं थांबतं. ॲनाफिलिस या मलेरिया पसरवणाऱ्या डासात लायपोफोरिन थांबवलं तेव्हा अंडी नीट वाढली नाहीत, शिवाय तिच्या पोटातले मलेरियाचे परजीवीही कमी झाले. तेही याच टेम्पोवर जगत होते. एडिसमध्ये चरबी बनवण्याची पहिली पायरी सांभाळणारं विकर रोखलं तर अंडी निघाली ती सदोष कवचाची. आमच्याकडे दवाखान्यात स्वतःच्या इंजेक्शनला घाबरणारी माणसं आहेत, आणि तिकडे कुणीतरी रांगेनं डासांना टोचत बसलंय.

घरातला दुसरा रक्त पिणारा म्हणजे ढेकूण, त्याच्याबद्दल थोडक्यात. त्याच्यात नर, मादी, पिल्लं सगळेच रक्तावर. पिल्लाला कात टाकण्याच्या प्रत्येक पायरीला, म्हणजे पाच वेळा, एक जेवण लागतं. मोठा ढेकूण साठ्यावर कित्येक महिने उपाशी काढतो. म्हणून खोली दोन महिने बंद ठेवली की ढेकूण मरतात, ही समजूत सोडा. गादी कडक उन्हात तापवा. आतपर्यंत पन्नास अंश पोचलं तर अंड्यांसकट मरतात, नुसती वरून गरम झाली तर ते खालच्या बाजूला जाऊन बसतात.

आता एडिसचं वेळापत्रक. मंगळवारी दुपारी चावा, शुक्रवारी शंभरेक अंडी तयार. ती पाण्यात पडत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओल्या भिंतीला चिकटतात. आधी पांढरी, काही तासांत काळी. सुकली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. आमच्या ज्या गल्ल्यांत नळाला पाणी रोज येत नाही, तिथं पाण्याचा वार म्हणजे नेमका अंडी फुटायचा वार. ब्यारल नुसता रिकामा करून उपयोग नाही. भरायच्या आधी नारळाच्या काथ्यानं आतून, विशेषतः रेषेच्या वर चार बोटं, घासायचा, आणि ते पाणी गटारात न टाकता तापलेल्या फरशीवर ओतायचं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस, म्हणून घासणं आठवड्याला एकदा तरी. हौदात गप्पी मासे. ब्यारलाला घट्ट झाकण, नसेल तर दुहेरी सुती धोतर सुतळीनं आवळून.

आमचा ब्यारल घासून लख्ख असतो. काकांच्या ब्यारलाला झाकण नाही. ते कुठं गेलं म्हणून विचारलं तर काकू परसातल्या तुळशीच्या कुंडीकडे बोट दाखवतात. कुंडीखाली, पाणी सांडू नये म्हणून, उलटं ठेवलंय. त्यात दोन बोटं स्वच्छ पाणी, आणि वीस-पंचवीस अळ्या डोकं खाली करून वळवळतायत.