कुंदा

लातूरच्या आमच्या घरी कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी विचारायचा, ‘आज कोणत्या आठवणी पाहू या?’ मला पीक विम्याचा फॉर्म भरायचा असायचा.

ही करामत कॅमेऱ्यासोबत आलेल्या सीडीची. लग्नाचे फोटो चढवताना मी नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत गेलो आणि फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर घरात शिरलं. रॅम सगळी चार जीबी, त्यातली निम्मी यानं बसायलाच अडवली. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, ती लवकर आली म्हणायची, पण आमचा ब्राउझर उघडायचा नाही.

त्यात त्याला चेहरे ओळखायची हौस. एका सकाळी त्यानं विचारलं, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ डावीकडे फेटा बांधलेले दाजी, उजवीकडे पोळ्याची झूल घातलेला आमचा सर्जा बैल. माहेरी आलेल्या ताईनं चष्मा लावला, दोन्ही फोटो नीट बघितले, मगच ‘नाही’ दाबलं.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन मी त्याला डिसेबल केलं. रीस्टार्ट केलं तरी हार्ड डिस्क आपली शंभर टक्क्यांवर. अण्णा मागं खाटेवर बसून बघत होते.

“वरवर कापून कुंदा मरतो व्हय रे? मूळ खालीच ऱ्हातंय त्याचं.”

काळ्या रानात कुंद्याचं चिवट तण खांदण्यात जन्म गेलेला माणूस, निदान चुकणार कसं? सर्व्हिसेसच्या यादीत याच्याच तीन मुळ्या निघाल्या, तिन्ही ‘ऑटोमॅटिक’. त्या बंद केल्या आणि कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल लावलं. पट्टी सत्तर टक्क्यांवर आली आणि लाईट गेली.

लाईट आल्यावर सॉफ्टवेअर धड उघडेना, धड निघेना. काढायला जी फाईल लागते, तीच नेमकी आधी उडाली होती. शेवटी पेटीतून ती सीडी हुडकली आणि पुन्हा अख्खं सॉफ्टवेअर बसवलं, निव्वळ काढण्यासाठी. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मग मात्र ते गेलं. जाताना ‘का सोडून चाललात?’ असं विचारणारं पानही उघडून गेलं.

दुसऱ्या दिवशी ब्राउझर फटदिशी उघडला. फॉर्म अर्धा झाला तोवर अण्णा खुर्ची ओढून शेजारी.

“आज सर्जा दिसंना गेला की रे?”

सर्जाला विकून दोन वर्षं झाली. फोटो कुठं गेलेले नाहीत, सगळे फोल्डरात आहेत. तीन हजारांच्या वर, आणि प्रत्येकाचं नाव डीएससी, पुढं नुसते आकडे. अण्णा म्हणतात, “हुडक निवांत, मी बसलोय.”