‘ख्रिस्ती मुलांनी जादूच्या गोष्टी वाचू नयेत, लिहू तर नयेतच’: एका संदेशाला उत्तर

मंडळीतल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्ती विश्वास आणि फँटसी, म्हणजे जादूच्या-अद्भुताच्या कल्पित गोष्टी, यांचा मेळ बसूच शकत नाही. कारणं सहा दिलीत. पवित्र शास्त्राला जादू अमान्य आहे. कल्पित गोष्ट म्हणजे खोटं. त्यानं पोरं वाईट नादाला लागतात. हा प्रकार परक्यांचा. दुष्काळी मुलखात असल्या गोष्टींना वेळ कुणाला? आणि लिहायचंच असेल तर नायकानं शेवटी प्रभूला स्वीकारलंच पाहिजे, खाली वचन आलंच पाहिजे.

मी जालन्यात रविवार शाळेत आठवी ते बारावीच्या मुलांना शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मिळून गोष्टी लिहितो. एका आईनं हा संदेश मला पाठवला आणि विचारलं, ‘ताई, हे खरं का? पोरीची वही बंद करू का?’ म्हणून हे उत्तर, संदेशातल्याच क्रमानं.

जादूबद्दल संदेशात दोन ठिकाणचे दाखले आहेत. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात चेटूक, शकुन पाहणं, मेलेल्यांना विचारणं यांना मनाई आहे. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसातले लोक जादूची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळतात. दोन्ही वचनं मला मान्य आहेत, पूर्ण मान्य. पण इफिसात जळाली ती जादूटोणा करणाऱ्यांची पुस्तकं, मंत्र-तंत्र वापरायची. गोष्टींची नव्हेत. अनुवादातली मनाईसुद्धा करण्याला आहे, सांगण्याला नाही. सांगण्याला असती तर शास्त्रातलीच किती पानं फाडावी लागली असती! फारोच्या जादूगारांनी काठ्यांचे साप केले, हे निर्गम ७ मध्ये लिहिलेलंच आहे. एन-दोरची भूतविद्या जाणणारी बाई १ शमुवेल २८ मध्ये आहे, वेश पालटून रात्री तिच्या दारी गेलेल्या शौल राजासकट.

तरीही संदेश लिहिणाऱ्याची भीती मी झटकून टाकणार नाही. मराठवाड्यात भानामतीच्या नावानं काय काय झालंय हे आपल्याला ठाऊक आहे. करणी केल्याचा संशय घेऊन बाईला गावाबाहेर काढणं, अंगारे-धुपारे, देवऋषी. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. त्यामुळं इथल्या ख्रिस्ती लेखकावर जबाबदारी जास्त आहे. काळी बाहुली, लिंबू, उलटे मंत्र यांना गोष्टीत ताकद द्यायची नाही, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. त्याचं वर्णन कितीही थरारक होत असलं, तरी त्या थराराची किंमत कुठल्या तरी वस्तीतली एकटी म्हातारी मोजते.

मग गोष्टीतलं अद्भुत कसं असावं? याचं उत्तर मला प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये सापडतं. शोमरोनातला शिमोन जादूगार पवित्र आत्म्याचं दान पैसे देऊन विकत घ्यायला जातो आणि पेत्र त्याला खडसावतो. आपल्या गोष्टींसाठी याहून चांगली कसोटी नाही. शक्ती दिलेली आहे की बळकावलेली? तिनं कुणाची सेवा होते? इंग्रज लेखक टॉल्किनच्या अंगठीच्या महाकथेत (‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’) सगळ्यांत मोठी शक्ती असलेली वस्तू वापरायची नाही, नष्ट करायची आहे, आणि ते काम सगळ्यांत लहान माणसांच्या वाट्याला येतं. ती वापरून चांगलं करू असं म्हणणारेच तिथं घसरतात. जादूचं आकर्षण मोडणारी इतकी मोठी कथा जादूच्या भीतीनं कपाटात बंद करायची, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा: कल्पित म्हणजे खोटं. शास्ते ९ उघडा. अबीमलेखानं आपल्या सत्तर भावांना मारून राजपद घेतलंय. जीव वाचलेला धाकटा योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून शखेमच्या लोकांना ओरडून एक गोष्ट सांगतो. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नाही म्हणतो, अंजीर नाही म्हणतो, द्राक्षवेलही नाही म्हणते. शेवटी काटेरी झुडूप तयार होतं आणि म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा. झाडं कधी बोलली नव्हती. तरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं की हे कुणाबद्दल चाललंय. मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा झुडपाच्या जागी बोराटी म्हणते, आणि खेड्यातली पोरं लगेच हसतात, कारण बोराटीखाली सावलीला बसायला गेलं की काय होतं ते त्यांना माहीत आहे. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला मेंढीची गोष्ट सांगितली तीही रचलेलीच होती, आणि राजाला स्वतःचं पाप त्या रचलेल्या गोष्टीतच दिसलं. आपण खरं म्हणून खपवतो ते खोटं. गोष्ट म्हणून सांगतो त्याला खोटं म्हणत नाहीत.

पोरं बिघडतात, याला थोडक्यात उत्तर. पुढं नार्निया या जादुई देशाच्या गोष्टी लिहिणारा सी. एस. लुईस सतरा वर्षांचा असताना, १९१६ मध्ये, नास्तिक होता. स्टेशनवर त्यानं एक पुस्तक विकत घेतलं. जॉर्ज मॅक्डोनाल्ड या स्कॉटिश पाळकानं १८५८ मध्ये लिहिलेली ती परीलोकाची कादंबरी होती. पुढं आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की त्या रात्री आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला. तो विश्वासात आला १९३१ मध्ये. एका फँटसीचं काम मध्ये पंधरा वर्षं आतल्या आत चालू राहिलं. मूल काय वाचतंय याकडं लक्ष ठेवायलाच हवं, पण त्यासाठी त्याच्याबरोबर बसून वाचावं लागतं. संदेश पुढं पाठवून ते होत नाही.

आता चौथा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो: ‘हा प्रकार आपला नाही.’ मराठी ख्रिस्ती माणसानं असं म्हणावं? १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, कारण ऐकणाऱ्यांना पुराणाचीच गोडी होती. १८४१ मध्ये हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद ‘यात्रिक क्रमण’ या नावानं केला. त्यात निराशा नावाचा राक्षस आहे, त्याचा किल्ला आहे, पंख असलेला अपोल्योन नावाचा सैतानी राक्षस आहे. आपल्या कित्येक घरांत आजी-आजोबांनी हे पुस्तक भक्तिभावानं वाचलंय, आणि तरी आपण म्हणायचं की राक्षस आणि किल्ले चर्चच्या दारात चालत नाहीत! पुढं १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुना पर्यटन’ आलं, विधवांच्या दुःखाची, ख्रिस्ती विश्वासातून लिहिलेली कादंबरी, मराठीतली पहिली. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, हळबेशास्त्रींची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट सुरू झाली. विश्वासाची कादंबरी आणि अद्भुताची कादंबरी मराठीत अशा जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या. त्यांची गाठ घालून देणारं, किशोरवयीन मुलांसाठीचं मोठं पुस्तक मात्र माझ्या हाती अजून लागलेलं नाही. ही जागा मोकळी आहे आणि ती आपल्याच मुलांनी भरावी असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी बर्फाळ डोंगर उसने आणायची गरज नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन या. बोरी नदीवर आडवी घातलेली आदिलशाही काळातली दगडी भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात महाल. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की पाणी भिंतीवरून दोन ठिकाणी खाली कोसळतं. लोक त्यांना नर-मादी धबधबे म्हणतात. पायऱ्या उतरून आत गेलं की डोक्यावरून नदी चाललेली असते आणि आपण कोरड्या खोलीत उभे असतो. खिडकीतून बाहेर फक्त पांढरं पाणी दिसतं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. लाल समुद्रातून दोन बाजूंच्या पाण्याच्या भिंतींमधून चाललेल्या लोकांची कथा ज्यानं लहानपणापासून ऐकलीय, त्या मुलाला इथं उभं केल्यावर गोष्ट सुचणार नाही? देवगिरी किल्ल्याच्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारातून, हात धरून चालतानाही मुलांना असंच काहीतरी सुचतं. हे सगळं आपल्या जिल्ह्यांत आहे, एसटीच्या अंतरावर.

दुष्काळाचा मुद्दा गंभीर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा बालवाडी-पहिलीत असलेली पोरं आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना वास्तव माहीत नाही म्हणून ती फँटसीकडं वळतात, असं कुणी म्हणू नये. टॉल्किननं १९३९ च्या एका व्याख्यानात याच आक्षेपाला उत्तर दिलं होतं: तुरुंगात पडलेला माणूस घरी जायचा विचार करतो, तेव्हा त्याला रण सोडून पळणाऱ्याच्या पंक्तीला बसवू नका. ज्या मुलीनं उन्हात टँकरची वाट पाहिलीय, ती पाणी आपणहून वर येणाऱ्या बारवेची गोष्ट लिहिते तेव्हा ती पळत नाही. पाणी कुणाचं असावं, हे ती ठरवत असते.

ही बारव मी मनानं रचलेली नाही. आमच्या वर्गातल्या नववीतल्या एका मुलीची आहे. तिच्या गोष्टीत गावाची बारव आटलीय आणि टँकरवाला म्हणेल ती किंमत आहे. बारवेचा एक नियम आहे, पण तो कुणालाच माहीत नाही. तिनं लिहिलेलं असं: ‘गोदानं कळशी भरली अन् मागं उभ्या असलेल्या म्हातारीच्या डोईवर ठेवली. बारवेतलं पाणी एक पायरी वर आलं. कुणी बघितलं नाही.’ मग शेवटच्या पानावर एकदम पाळकसाहेब येतात आणि योहान ४ मधलं, येशूनं विहिरीवरच्या शोमरोनी बाईला सांगितलेलं जिवंत पाण्याचं वचन समजावून सांगतात. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, ‘त्याशिवाय ख्रिस्ती गोष्ट कशी होईल?’ संदेशातला सहावा मुद्दा तिच्या मनात संदेश यायच्या आधीच बसला होता. आम्ही गोष्ट वर्गात मोठ्यानं वाचली. पाळकसाहेब यायच्या दोन पानं आधीच मागून एक मुलगा म्हणाला, ‘हे तर विहिरीवरच्या शोमरोनी बाईवाणी हाय.’ तिनं शेवटचं पान स्वतःहून काढलं.

टॉल्किनची अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च आहे. देवदूतानं मरियेला निरोप दिला तो सण मंडळी त्याच दिवशी पाळते. गोष्टीत हे कुठंही समजावलेलं नाही. लेखकानं १९५३ मध्ये एका मित्राला लिहिलं की ही मुळातच धार्मिक, कॅथॉलिक कृती आहे, आणि म्हणूनच उघड धर्माच्या खुणा आपण तिच्यातून काढून टाकल्या. लुईसनंही म्हटलंय की नार्नियाची सुरुवात उपदेशातून झाली नाही. बर्फात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेल्या एका अर्ध्या बोकडाचं चित्र त्याच्या डोक्यात होतं. ख्रिस्ताची आठवण करून देणारा सिंह, अस्लान, मागाहून आला.

याचा अर्थ प्रभूचं नाव गोष्टीत येऊच नये असा नाही. मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेच्या १९६२ च्या कादंबरीत अंधाराशी लढणाऱ्यांची नावं घेताना मुलं सगळ्यांत आधी येशूचंच नाव घेतात, आणि ते तिथं शोभतं. गोष्टीनं मागितलं तर नाव यावं. संदेशाची अट वेगळी आहे: प्रत्येक नायकाचं मन वळलंच पाहिजे, प्रत्येक प्रार्थनेला शेवटच्या पानापर्यंत उत्तर मिळालंच पाहिजे. ही अट पवित्र शास्त्र स्वतःच पाळत नाही. स्तोत्र ८८ वाचा. हाक मारून मारून थकलेला माणूस, आणि शेवटच्या ओळीत अंधार. पुढं समजावणी नाही, तरी ते उपासनेच्या गीतांमध्ये राखून ठेवलंय. आमच्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट अशीच थांबते. आजी पावसासाठी प्रार्थना करत राहते आणि पाऊस येत नाही. त्याला शेवट बदलायला मी सांगितलेलं नाही. येत्या मे महिन्यात मंडळीसमोर वाचायला मी तीच निवडलीय.