सहा पिना आणि एक मॅग्नेट

रविवारी आमच्या होडीची डोलकाठी पडली. कोणाला लागलं नाही, काठी मोडली नाही, फक्त गेटवेहून घारापुरीला चाललेल्या लाँचमधल्या पब्लिकने सीगलना वेफर्स टाकायचे थांबवून आमचा व्हिडिओ काढला, आणि तो विषय मी इथेच संपवतो. कारण त्याहून मोठा अपमान काल नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात झाला, सहा पिना विकत घेताना.

आता पिना कसल्या ते सांगायलाच लागेल. आमची होडी म्हणजे एंटरप्राइज, १९५६ च्या डिझाइनची, निळ्या शिडांची, दोन माणसांची, लांबी सव्वातेरा फूट. डोलकाठी उभी राहते तीन तारांवर, एक पुढे आणि दोन बाजूंना. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी पिन असते, तिला म्हणतात क्लेविस पिन, आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात किल्ल्यांच्या रिंगसारखी दिसणारी पण नखाएवढी रिंग. एवढंच. वारा ज्या बाजूने येतो तिकडची तार ताणलेली असते, पलीकडची ढिली पडून हलत असते, आणि त्या ढिल्या बाजूच्या रिंगमध्ये पुढच्या शिडाची दोरी अडकली, रिंग उलगडली, पिन हळूहळू सरकत बाहेर आली, आम्ही गप्पा मारत वळलो, आणि सगळा भार नेमका त्याच बाजूला आला. बाकी व्हिडिओत आहे.

म्हणून ठरवलं की रिंगा बंद, आता स्प्लिट पिना. दोन पायांच्या, भोकात घालून पाय फाकवायचे.

"शेठ, स्प्लिट पिन. स्टेनलेस, तीनशेसोळा ग्रेड, दीड एमएम."

"कितना किलो?"

"छे."

"छे किलो?"

"छे नग."

शेठने चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी सराफाकडे जाऊन पितळेचं वजन विचारलंय. "किसके लिए?" मी म्हटलं बोट के लिए, शीडवाली बोट. आणि इथे काका आले. म्हणजे ते आधीपासून होतेच, बिजागरी बदलून घ्यायला, काउंटरवर कोपर टेकून, बुशशर्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि त्यांचं बिजागरीचं भांडण कंटाळवाणं झालेलं असावं.

"शीड म्हणजे? मोटर नाही?"

"नाही."

"का?"

आता या 'का'ला काय उत्तर आहे? गेली नऊ वर्षं मी ऑक्टोबर ते मे दर रविवारी खाऱ्या पाण्यात भिजतोय, पण 'का' असं सरळ कोणी विचारलं नव्हतं, बायकोने सुद्धा नाही, ती फक्त सुस्कारा टाकते. मी म्हटलं, हौस आहे. काका म्हणाले, "पैसे किती सुटतात?" सुटत नाहीत, जातात. "मग मासे?" नाही हो. "मग एखादी मोटर बसवून घ्या ना, जुनी मिळते."

तेवढ्यात शेठने एक पिन काउंटरवर टाकली आणि काकांनी खिशातून मॅग्नेट काढलं. खरं सांगतोय. दोऱ्याला बांधलेलं, स्पीकरमधलं गोल मॅग्नेट, शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. ते पिनेवर धरलं, पिन जराशी हलली, अगदी जराशी, आळसावलेल्या मांजरासारखी.

"डुप्लिकेट," काका म्हणाले.

मी समजावायला गेलो, हीच चूक. म्हटलं काका, मॅग्नेटने नाही कळत, तीनशेचार काय आणि तीनशेसोळा काय, दोन्ही मुळात चिकटत नाहीत, पण तार ओढून बारीक केली की थोडी चिकटते, फरक मॉलिब्डेनमचा असतो, तीनशेसोळात ते असतं म्हणून खाऱ्या पाण्यात खड्डे कमी पडतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेठला म्हणाले, "इनको असली देना."

मग त्यांनी पिन कशी लावावी ते मला शिकवलं. पाय पूर्ण मागे दुमडायचे, वर हातोडी मारायची, वर घट्ट टेप. तिन्ही चूक. पाय थोडेच फाकवायचे असतात, म्हणजे काढता येतात, आणि टेप हवाबंद गुंडाळला की आत खारं पाणी कोंडून स्टेनलेसही गंजतं, त्याला हवा लागते. पण हे मी बोललो नाही कारण तोवर काकांनी बॅगची चेन दाखवली होती, तिथे सेफ्टी पिन होती. "एकवीस वर्षं! ही लावा." माझ्या आईच्या बांगडीला कायम दोन-तीन सेफ्टी पिना असायच्या आणि त्यांनी घरातलं जग खरंच जोडून ठेवलं होतं हे मान्य, पण आईच्या बांगडीवर डोलकाठी उभी नव्हती हो.

आणि मला राग काकांचा नाहीच. शाळेच्या भूगोलात ७२० किलोमीटर किनारा पाठ केला. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकटे पृथ्वीला फेरी मारून आले, बोट आपल्या गोव्यात बांधलेली, आणि या मुंबईत, जिच्या तीन बाजूंना पाणी आहे, मला नखाएवढी पिन मागताना पंपाचा फिटर असल्याचं सोंग करावं लागतं. बाहेरून मागवली तर पिनेपेक्षा कुरिअर महाग. त्यात "सहाच?" हा प्रश्न! अहो, सहाच जागा आहेत!

शेवटी शेठ म्हणाले, सुट्टी नहीं मिलेगी, सौ का पॅकेट लो. ग्रेड? "सब एकही है भाई." घेतलं. रविवारी होडी बाहेर काढायची होती.

पॅकेट हातात पडताच काका जवळ सरकले. "तुम्हाला सहाच लागतात ना?"

"हो."

"मग चार मला द्या. मिक्सरला लागतील."

दिल्या. त्यांनी चारही एकेक करून मॅग्नेटला लावून बघितल्या, मान हलवली, आणि खिशात टाकल्या.

"डुप्लिकेटच आहेत," म्हणाले, "पण मला चालतील."